साग्रसंगीत नव्हे, ‘साग’संगीत!

कर्जत लोकल, पावसाळा, स्टेशन भिवपुरी रोड. धबधब्याकडे पळण्याआधी वाटेतलं सागाचं एक कोवळं पान तळहातावर चोळा बरं! हात लालेलाल. मेंदी फुकट, रात्रभर थांबणं नाही!

माहीत आहे का? शेजारी शेजारी वाढलेल्या सागाच्या दोन झाडांवर करवत फिरवली, तर एकात साधी रेघ निघेल, दुसऱ्यात नागमोडी लाट. आतले तंतू सरळ न चढता वळणं घेत चढले की ही नक्षी. सुतार खूश, गिऱ्हाईक फिदा, भाव चढा!

मग त्या लाटवाल्या झाडाचं बी पेरू? छे! बी म्हणजे आई-बाबांच्या गुणांची मिसळ, तर्री कुणाला मिळेल काय सांगावं? त्यातून सागाच्या फळाचं कवच असं कडक, की भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा, तरी कितीतरी बिया ढिम्म.

इथे एंट्री पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची! गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस आणि जगन्नाथन या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांच्या सागाचे डोळे काचेच्या नळीत फुटवून दाखवले. बी नाही, मिसळ नाही, थेट त्याच झाडाची कॉपी, म्हणजे क्लोन! शोधनिबंध 1980 चा. मुंबईत केईएम रुग्णालयाची टेस्टट्यूब बेबी आली 1986 मध्ये. म्हणजे टेस्टट्यूब साग सहा वर्षांनी मोठा!

नळीत खायला काय? साखर, क्षार, हार्मोन आणि अगरची जेली. अगर म्हणजे तुमच्या पुडिंगमधलं चायना ग्रास. सागबाळाची पार्टीच!

नक्षीसाठी क्लोनिंगचा खरा हिरो मात्र रशियातला कारेलियन बर्च. बियांतून आलेल्या काही रोपांतच नक्षी उतरते, म्हणून तिथे टिश्यू कल्चर, म्हणजे हीच नळीतली वाढ. नक्षीत माती-हवाही लुडबुड करतात, तेव्हा गॅरंटी कार्ड मागू नका.

याच बर्चच्या लाकडाचं ईस्टरचं अंडं जवाहिऱ्या फाबर्जेनं 1917 मध्ये रशियाच्या झारसाठी घडवलं. ते हाती पडण्याआधीच झारची गादी गेली! बिल निघालं ‘मिस्टर रोमानोव्ह’ यांच्या नावे.

आणि ‘पुष्पा’ सिनेमावालं रक्तचंदन? त्यातल्या लाटदार रेषेच्या लाकडाला जपानी शामिसेन या तंतुवाद्यासाठी मागणी.

आजोबांचं सागवानी दार भंगारवाल्याला देताय? थांबा. पॉलिश उडालेल्या जागी ओलं फडकं फिरवा. लाट दिसली, तर सौदा कॅन्सल!