रचनांतराची परीक्षा : कोशाच्या संगणकीय तक्त्यांतील बदल व त्यांची स्वयंचलित चाचणी

भाषाविज्ञानाच्या विभागांत आता शब्दसंग्रह, बोलींचे नमुने आणि व्याकरणविषयक नोंदी कार्डांवर न राहता डेटाबेसमध्ये राहू लागल्या आहेत, आणि अभ्यासक त्यांचा उपयोग वेबवरील अनुप्रयोगाच्या द्वारे करतात. ही सोय मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आपल्याकडे आली आहे. कार्डावरील नोंद कोणी हेतुपुरस्सर खोडल्याशिवाय नाहीशी होत नसे. डेटाबेसमधील हजारो नोंदींचा अर्थ मात्र एका रात्रीत, एकही नोंद न खोडता, पालटू शकतो. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी कोणत्या प्रकारची चाचणी लिहावी लागते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चाचणी लिहिणे हे केवळ प्रोग्रॅमरचे काम आहे, ही समजूत किती अपुरी आहे हेही विवेचनाच्या ओघात दिसून येईल.

१. स्कीमा आणि रचनांतर

आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार माहिती तक्त्यांत ठेवली जाते. कोणते तक्ते असावेत, प्रत्येकात कोणते रकाने असावेत, कोणत्या रकान्यात कोणत्या जातीचे मूल्य चालावे, कोणते मूल्य दोनदा येऊ नये, या सर्व नियमांच्या समुच्चयास स्कीमा असे म्हणतात. संशोधन पुढे जाते तसतशी ही रचना बदलावी लागते. एका रकान्याचे दोन करावे लागतात, मोकळ्या मजकुराच्या जागी ठरावीक संकेत घ्यावे लागतात, एका तक्त्यातून दुसरा वेगळा काढावा लागतो. असा बदल घडवून आणणाऱ्या, क्रमांक दिलेल्या व क्रमाने चालविल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला मायग्रेशन म्हणतात. येथे त्यास 'रचनांतर' म्हटले आहे. रूबी ऑन रेल्स या चौकटीने ही पद्धत लोकप्रिय केली. जँगो या पायथॉन भाषेतील चौकटीत ती २०१४ सालच्या १.७ या आवृत्तीपासून अंगभूत आहे.

रचनांतराची दोन अंगे असतात. एक तक्त्याच्या आकाराचे : रकाना वाढविणे, काढणे, त्याची जात बदलणे. दुसरे आशयाचे : जुन्या रकान्यातील मूल्ये नव्या रचनेत नेऊन बसविणे. पहिल्या अंगातील चूक बहुधा तत्काळ उघडकीस येते, कारण डेटाबेस ती आज्ञाच नाकारतो. दुसऱ्या अंगातील चूक मूक असते. रूपदृष्ट्या निर्दोष असलेले वाक्य जसे अर्थदृष्ट्या खोटे असू शकते, तसेच हे आहे.

२. रिकाम्या तक्त्यावरील यश

या मूक चुकीचा एक अनुभव येथे नमूद करणे इष्ट होईल. एका बोलीसंग्रहाच्या कामाशी माझा काही काळ संबंध होता; संस्थेचे नाव येथे अप्रस्तुत आहे. त्या संग्रहात शब्दाच्या लिंगासाठी मोकळ्या मजकुराचा एक रकाना होता. क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थी त्यात 'पु.', 'स्त्री.', 'न.' असे लिहीत. वेळ, बाग यांसारख्या शब्दांपुढे 'पु./स्त्री.' असे लिहिले जाई, तर 'पोर' या शब्दापुढे तिन्ही लिंगे येत. पुढे शोध सुलभ व्हावा म्हणून या रकान्याच्या जागी तीनच संकेत स्वीकारणारा रकाना आणण्याचे ठरले. रचनांतरात अशी तजवीज होती की, ज्या मूल्याचा तीनपैकी एकाशी तंतोतंत मेळ बसेल ते घ्यावे, अन्यथा जागा रिकामी सोडावी.

सर्व स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाल्या. नोंदींची संख्या आधी होती तेवढीच नंतर होती. काही महिन्यांनी एक विद्यार्थिनी अनिश्चित लिंगाच्या शब्दांची यादी करू लागली, तेव्हा तिला एकही शब्द मिळेना. तोवर जुन्या प्रतीही नव्यांखाली गेल्या होत्या. जी माहिती प्रथम कागदावर टिपली होती ती पुन्हा भरता आली. जी थेट संगणकावर नोंदविली होती ती गेली. आणि ती सांगणाऱ्या वृद्ध निवेदकांपैकी काहीजण आता हयात नाहीत.

चाचण्या उत्तीर्ण कशा झाल्या? उत्तर सोपे आहे. जँगोसारख्या चौकटीत चाचण्या सुरू करताना एक नवा, कोरा डेटाबेस निर्माण केला जातो व त्यावर सर्व रचनांतरे पहिल्यापासून क्रमाने चालविली जातात. परंतु त्या वेळी तक्ते रिकामे असतात. रिकाम्या तक्त्यातील प्रत्येक मूल्य नव्या रकान्यात यशस्वीपणे जाते, कारण जाणारे मूल्यच नसते. चाचणीसाठी लागणाऱ्या नोंदी त्यानंतर, नव्या रचनेतच, भरल्या जातात. म्हणजे आज्ञा व्याकरणशुद्ध आहे एवढेच या पद्धतीने सिद्ध होते. जुन्या माहितीचे काय होईल, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

३. चाचणीचे चार टप्पे

यावरून रचनांतराच्या चाचणीचे आवश्यक लक्षण निष्पन्न होते : तिने काळात मागे जाऊन सुरुवात केली पाहिजे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे.

पहिला : चाचणीचा डेटाबेस परीक्ष्य रचनांतराच्या लगेच आधीच्या क्रमांकावर आणून ठेवणे. जँगोमध्ये हे काम मायग्रेशन एक्झिक्युटर नावाच्या घटकाकडून करून घेता येते.

दुसरा : त्या जुन्या रचनेत निवडक नमुने भरणे. वरील उदाहरणात 'घर, न.', 'वेळ, पु./स्त्री.', 'पोर, पु., स्त्री., न.', लिंग रिकामे असलेला एक शब्द, आणि संशय दर्शविणारे 'स्त्री. ?' असे मूल्य असलेला एक शब्द, एवढे पुरेत.

तिसरा : केवळ ते एक रचनांतर पुढे चालविणे.

चौथा : नव्या रचनेतून नोंदी वाचून प्रत्येकीविषयी आपली अपेक्षा ताडून पाहणे. 'वेळ'ला दोन लिंगे मिळाली काय? 'पोर'ला तीन? संशयाचे चिन्ह शेऱ्याच्या रकान्यात टिकले काय? जो रकाना मुळात रिकामा होता तो रिकामाच राहिला काय?

ही चाचणी लिहावयास बसताच उपरोक्त रचनांतर सदोष असल्याचे कळून आले असते. किंबहुना शब्द व लिंग यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता हवा, हेही तेव्हाच ध्यानात आले असते.

दुसऱ्या टप्प्यात एक सावधगिरी आवश्यक आहे. नमुने भरताना अनुप्रयोगाचे आजचे प्रतिमान वापरू नये. आजच्या प्रतिमानात कालचा रकाना नसतो, आणि उद्या ते आणखी बदलेल. त्या त्या क्रमांकावरील ऐतिहासिक प्रतिमान एक्झिक्युटरकडून मागून घ्यावे. जुन्या ग्रंथाचा अर्थ आजच्या कोशावरून लावू नये, हे आपण जाणतोच. येथेही तोच न्याय आहे.

४. नमुन्यांची निवड

चाचणीचे मूल्य तिच्या नमुन्यांवर अवलंबून असते, आणि येथे भाषाभ्यासकाचा सहभाग अपरिहार्य ठरतो. याचे उदाहरण म्हणून शुद्धलेखनाचा विषय घेऊ. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली राज्य शासनाने स्वीकारल्यानंतर अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. जुन्या ग्रंथांवरून सिद्ध केलेल्या शब्दसूचीत मात्र पांच, कांहीं, नांव अशी रूपे असतात. ती आधुनिक लेखनात आणणारे रचनांतर लिहावयाचे आहे, असे समजू. 'पांच'चे 'पाच' झाले पाहिजे, परंतु 'आंबा'चा 'आबा' होता कामा नये. 'लोकांना' या रूपातील अनुस्वारही राहिला पाहिजे. हे नमुने कोणासही सुचतील.

अवघड प्रसंग 'नांव' आणि 'नाव' यांचा आहे. जुन्या लेखनात पहिल्याचा अर्थ अभिधान व दुसऱ्याचा होडी. नव्या लेखनात दोन्ही 'नाव'. आता एकच शब्दरूप दोनदा येऊ नये असा नियम स्कीमात असेल, तर रिकाम्या तक्त्यावर निर्विघ्न चाललेले हे रचनांतर खऱ्या तक्त्यावर अर्ध्यात अडेल. अडेल हे त्यातल्या त्यात बरे. प्रोग्रॅमरने ती अडचण टाळण्यासाठी समान रूपांच्या नोंदी एकत्र करण्याची सोय केली असेल, तर होडी आणि अभिधान एकाच नोंदीत जातील व कोणासही पत्ता लागणार नाही. म्हणून चाचणीत ही जोडी असलीच पाहिजे, आणि रचनांतरानंतर दोन स्वतंत्र नोंदी, प्रत्येकीचे मूळ लेखन वेगळ्या रकान्यात जतन केलेले, अशी अपेक्षा लिहिली पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या रूपांतील भेद केवळ र-काराच्या लेखनावर अवलंबून आहे. दुसऱ्या रूपातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिलेला आढळतो : कोठे त्यासाठी स्वतंत्र वर्ण वापरलेला असतो, तर कोठे साध्या र व हलन्तचिन्हानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घातलेले असते. दोन्ही डोळ्यांस सारखेच दिसतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण त्यांस एक करीत नाही. मजकूर स्वच्छ करण्याच्या सद्हेतूने एखाद्या रचनांतराने सर्व अदृश्य चिन्हे गाळली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या आचाऱ्याचा आचार्य होतो. हा नमुना चाचणीत असावा, हे मराठी जाणणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणास सुचणार नाही.

नमुन्यांच्या जोडीला काही सर्वसाधारण अपेक्षाही असाव्यात : जुन्या रकान्यात मूल्य असलेल्या प्रत्येक नोंदीस नव्या रचनेत किमान एक मूल्य असावे, जे रूप बदलले त्याचे मूळ कोठेतरी मिळावे. केवळ नोंदींची संख्या जुळते एवढ्यावर समाधान मानू नये. वर सांगितलेल्या प्रसंगी संख्या जुळलीच होती.

५. उलट मार्ग

रचनांतर मागे घेता यावे म्हणून त्याचा उलट प्रोग्रॅमही लिहिण्याची प्रथा आहे. त्याची चाचणी म्हणजे पुढे जाऊन मागे येणे व मूळ नमुने जसेच्या तसे सापडतात काय ते पाहणे. ही चाचणी फार बोलकी असते, कारण रचनांतरात माहिती हरवते किंवा नाही याचा निर्णय ती देते. मूळ लेखन जपलेले नसेल, तर 'नाव'वरून कोणत्या नोंदीस अनुस्वार परत द्यावा हे कोणताही प्रोग्रॅम सांगू शकणार नाही. अशा वेळी काहीच न करणारा उलट प्रोग्रॅम लिहून तो यशस्वी झाल्याचा आभास निर्माण करणे अयोग्य होय. रचनांतर अपरिवर्तनीय आहे असे स्पष्टपणे जाहीर करावे. मागे जाण्याचा प्रयत्न होताच जँगो तेथे दोष दाखवून थांबतो. त्यापूर्वी प्रत राखून ठेवण्याचा निर्णय मग माणसाने जाणीवपूर्वक घ्यावा.

६. काही व्यावहारिक बाबी

चाचणी ज्या डेटाबेसवर करावयाची तो प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसच्याच जातीचा असावा. एसक्यूलाइट सोयीचा असल्याने चाचणीसाठी पुष्कळदा तो घेतला जातो. परंतु रकान्यास घातलेली अक्षरसंख्येची मर्यादा तो पाळीत नाही, पोस्टग्रेस पाळतो. रचनांतर मध्येच अडल्यास काय होते, यातही भेद आहे. पोस्टग्रेसमध्ये तक्त्यांच्या रचनेतील बहुतेक बदल व्यवहारात गुंफता येतात व अपयश आल्यास सर्व काही पूर्वस्थितीवर येते. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा तोवरचा व्यवहार आपोआप पक्का करून टाकते, त्यामुळे अर्धवट अवस्था मागे राहते.

प्रतिमानात बदल करून त्याचे रचनांतर लिहावयाचे राहून गेले तर ते कळावे, यासाठीही एक तपासणी नित्य चालवावी; चौकटीत तशी आज्ञा असते. शेवटी, निवडक नमुन्यांची चाचणी कितीही चांगली असली तरी खऱ्या माहितीच्या प्रतीवर एकदा तालीम करावी. निवेदकांची नावे, गावे इत्यादी खासगी तपशील त्या प्रतीतून आधी काढलेले असावेत. नमुन्यांत न सुचलेली मूल्ये या तालमीत भेटतात, आणि प्रत्येक नवे मूल्य नमुन्यांत समाविष्ट करावयाचे असते.

रचनांतर सर्वत्र लागू झाल्यावर त्याची चाचणी कायम ठेवावी काय, याविषयी मतभेद आहे. चाचण्यांचा वेळ वाढतो म्हणून ती काढून टाकण्यास प्रत्यवाय नाही. तिचे कार्य एका क्षणापुरते असते. पण त्या क्षणी तिच्यावाचून दुसरा साक्षीदार नसतो.

एकूण विवेचनाचा निष्कर्ष असा की, रचनांतराची चाचणी हा नव्या रचनेचा पुरावा नसून जुन्या माहितीशी केलेला करार आहे. त्या कराराची कलमे, म्हणजे नमुने व अपेक्षा, ज्याला त्या माहितीचा अर्थ कळतो त्याने लिहावयाची असतात. आपल्या संग्रहाच्या पुढील रचनांतराचा प्रस्ताव येईल तेव्हा विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी, प्रोग्रॅमरला विनंती करण्यापूर्वी, आपल्या नोंदींतील दहा सर्वांत अडचणीचे शब्द कागदावर काढून द्यावेत. चाचणीचा आरंभ तेथून होतो.