करवत किती खाते?

ड्रॉइंगच्या पेपरात रेषेला जाडी नसते. सुताराच्या रेषेला असते, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धंतोलीत कळलं, आणि तेही मामाच्या खर्चाने.

मामा फर्निचरची कामं घेतो. धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्याच एकात फायलींचे रॅक करायचे होते. रक्कम ठरलेली, प्लाय मामाच्या खिशातून. म्हणजे वाया जाणारा प्रत्येक तुकडा त्याच्याच नफ्यातून जाणार. कप्प्यांसाठी ३० बाय १६ इंचाच्या ३६ फळ्या हव्या होत्या. मी ऐटीत कागदावर आखणी केली: ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये रुंदीत ३ पट्ट्या, लांबीत ३ तुकडे, एकूण ९. चार शीट, काम फत्ते! मामाने मोजून चारच आणल्या.

पहिली शीट कापली तर तिसरी पट्टी जवळपास ६ मिलिमीटर कमी. १६ त्रिक ४८ बरोबरच होतं, पण पातं दर कापाला ३ मिलिमीटरचा भुसा करत होतं, आणि काप दोन. मिस्त्री हसून म्हणाले, "अन् करवत काय उपाशी कापते का भाऊ?" मग बाकीच्या फळ्याही ४०० मिलिमीटरच्याच कापल्या. उभ्या बाजू आधीच १६ इंची झालेल्या, त्यामुळे कप्पे किंचित आत बसले. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. मामाच्या अजून लक्षात आहे.

मिस्त्रींनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. विनियरच्या रेषा सगळीकडे एकाच दिशेने हव्यात, म्हणून तुकडा जागा आहे म्हणून आडवा फिरवता येत नाही. आणि मशीनचा काप या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार जातो, मध्येच वळत नाही. कागदावर बसलेलं कोडं मशीनवर सुटेलच असं नाही.

हाच प्रश्न नुसत्या लांबीचा घेतला तर गंमत अधिक स्पष्ट दिसते. १२ मीटरच्या सळ्यांतून ५ मीटरचे ६ आणि साडेतीन मीटरचे १२ तुकडे हवेत. (सळी कातरतात, म्हणून भुसा धरलेला नाही.) आपण काय करतो? मोठे तुकडे आधी! एका सळीत ५ चे दोन, २ मीटर वाया. अशा ३ सळ्या. मग साडेतीनचे तीन-तीन, दरवेळी दीड मीटर वाया, ४ सळ्या. एकूण ७. पण एक ५ चा आणि दोन साडेतीनचे एकत्र घेतले तर सळी पुरती संपते आणि काम ६ सळ्यांत होतं.

मापं वाढली की अशा जोड्या लाखोंनी होतात. रशियाचे कांतोरोविच यांनी १९३९ च्या पुस्तिकेत हा कापणीचा प्रश्न गणितात मांडला. त्यांचा सगळा विचार सुरू झाला होता तो लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांच्या एका प्रश्नावरून. पुढे १९६१ मध्ये आयबीएमच्या गिलमोर आणि गोमोरी यांनी युक्ती काढली: सगळ्या जोड्या लिहूच नका. थोड्या घ्या, त्यावरून प्रत्येक तुकड्याची किंमत काढा, आणि सळीपेक्षा महाग भरणारी नवी जोडी सापडते का बघा. सापडली तर घ्या, नाही तर थांबा. उत्तर मात्र अपूर्णांकात येऊ शकतं, ते पूर्णांकात बसवायला पुन्हा डोकं लागतंच.

आता मी प्रत्येक कापाचे ३ मिलिमीटर आधीच धरतो. मामा तरीही एक शीट जास्तीची टेम्पोत टाकतोच.