जुनी टेबल टेनिस बॅट : लाकूड ठेवा, रबर बदला

बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळू पाहणाऱ्यांनी दुकानात शिरताच महागडी, वेगवान बॅट घेऊ नये, असे आम्हांस वाटते. २००० साली चेंडू ३८ ऐवजी ४० मिलिमीटरचा झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लॅस्टिक आले. वेग व फिरकी दोन्ही घटली, म्हणून विक्रेते वेगवान माल पुढे करतात. पण हाताची सवय मोडलेली असता अशा बॅटने चेंडू टेबलाबाहेरच जातो! लाकूड शाबूत असेल तर तेच वापरावे. रबर मात्र नुसते पडून राहिले तरी कडक व गुळगुळीत होते; ते बदलावेच. ऑलराउंड प्रकारचे, १.८ मिलिमीटर स्पंजचे पुरे. स्पर्धेत उतरायचे असल्यास रबरावर आयटीटीएफची खूण पाहून घ्यावी, आणि एक बाजू काळीच हवी.