विश्लेषण : गाडी पळवणाऱ्याचा जीव गेला तर स्वसंरक्षण की गुन्हा? कायद्याच्या यादीत होडी आहे, मोटार नाही!

समजा, चतुर्थीसाठी मुंबईहून निघालेले एक चाकरमानी कुटुंब रात्री दोनच्या सुमारास कसालला महामार्ग सोडून मालवणच्या रस्त्याला लागले आहे. वळणावर रस्त्यात आडवी फांदी. गाडी थांबताच चार जण दांडे घेऊन पुढे येतात, एक जण काच फोडतो. मागच्या सीटवर दोन मुले झोपलेली.

आता दुसरा प्रसंग. तीच गाडी, दुसऱ्या दिवशीची पहाट. गाडी घरासमोरच्या खळ्यात उभी आहे. कोणीतरी ती चालू करून बाहेर काढतोय आणि मालक खिडकीतून हे बघतोय.

दोन्ही प्रसंगांत मालकाच्या हातून समोरचा माणूस मेला, तर पोलीस दोन्ही ठिकाणी गुन्हा नोंदवतील. पण पहिल्या प्रसंगात मालक निर्दोष सुटण्याची चांगली शक्यता आहे, दुसऱ्यात तो तुरुंगात जाण्याची. गाडी तीच, किंमतही तीच. मग फरक कशामुळे पडतो?

कायदा नेमका काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमे आता ३४ ते ४४ या क्रमांकांनी ओळखली जातात. ‘नव्या कायद्यात चोराला मारण्याची मुभा मिळाली’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. क्रमांक बदलले, गाभा १८६० चाच आहे.

या कलमांमध्ये दोन हक्क आहेत. एक शरीराच्या बचावाचा, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. दुसरा मालमत्तेच्या बचावाचा. दोन्हींना कलम ३७ चा लगाम आहे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकार कधी करता येतो, हे कलम ३८ आणि ४१ सांगतात. ३८ शरीराबद्दल आहे : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे. ४१ मालमत्तेबद्दल आहे आणि त्याची यादी लहान आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, माणसे राहतात किंवा माल ठेवला जातो अशी इमारत, तंबू किंवा जलयान यांना आग लावणे किंवा ते स्फोटकांनी उडवणे, आणि प्रतिकार केला नाही तर जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी.

इमारत, तंबू, जलयान. यादीत मोटार नाही. १८६० मध्ये ती नव्हतीच, आणि २०२३ मध्ये नवी संहिता लिहितानाही हे शब्द तसेच ठेवले गेले. त्यामुळे रात्री गाडीची काच फोडून आत शिरणे ही कायद्याच्या भाषेत ‘घरफोडी’ होत नाही. रिकामी गाडी पेटवणाऱ्याविरुद्धही जीवघेण्या प्रतिकाराचा हक्क आपोआप मिळत नाही. आत माणूस असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे बचाव माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

मालवणच्या किनाऱ्यावर मात्र चित्र उलटे आहे. बंदरात नांगरलेल्या नौकेत रात्री खलाशी झोपतात, जाळी, इंजिन, डिझेल, मासळी तिथेच असते. ती नौका कायद्याच्या दृष्टीने घरासारखी आहे. कोणी तिला आग लावत असेल, तर आत त्या वेळी कोणी होते की नाही यावर हक्क अवलंबून राहत नाही. म्हणजे दारातल्या १५ लाखांच्या कारला जे संरक्षण नाही, ते जेट्टीवरच्या जुन्या होडीला आहे. हे मला तरी कायद्यातले सर्वांत अनपेक्षित वाक्य वाटले. पण त्यालाही अट आहेच. आग बादलीभर पाण्याने विझणार असेल आणि लावणारा पळत सुटला असेल, तर कलम ३७ आडवे येते.

चोरी आणि जबरी चोरी यांत काय फरक?

सगळा निकाल बहुतेकदा याच एका प्रश्नावर ठरतो. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना त्यासाठी कोणाला दुखापत केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, की ती ‘जबरी चोरी’ होते (कलम ३०९). महामार्गावर रात्री जबरी चोरी केली तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. चौघांऐवजी पाच जण असतील तर तो दरोडा.

पहिल्या प्रसंगात हे सगळे आहे : अडवलेला रस्ता, दांडे, फुटलेली काच. शिवाय झोपलेल्या मुलांसकट कोणी गाडी घेऊन निघाला तर कलम ३८ मधले अपहरणाचे कारणही उभे राहते. एका भावाने फरफटत नेल्या जाणाऱ्या बहिणीला सोडवताना एकच वार केला आणि समोरचा मेला, अशा विश्वनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच भावाचा बचाव मान्य केला होता. ओढून नेणारा त्या बहिणीचा नवरा होता, तरीही.

दुसऱ्या प्रसंगात आहे ती साधी चोरी. तिथे मालकाला चोराला रोखण्याचा, पकडण्याचा, गरजेपुरते बळ वापरण्याचा हक्क आहे. जीव घेण्याचा नाही. पण हे चित्र एका क्षणात बदलू शकते. मालक फाटकात आडवा उभा राहिला आणि चोराने गाडी त्याच्या अंगावर घातली, तर चोरीची जबरी चोरी झाली, आणि मृत्यूची भीतीही खरी आहे. मालकाने त्या क्षणी हातातला कोयता किंवा दगड मारला तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. मालक बाजूला झाला, गाडी फाटकाबाहेर गेली आणि मग त्याने मागून गोळी झाडली, तर नाही. दोन्हींमध्ये फार तर पाच सेकंदांचे अंतर असेल.

इंजिनीअरिंग शिकलेल्या माझ्यासारख्याला हे आधी विचित्र वाटले. पण हक्क माणसाला मिळत नाही, त्या क्षणाला मिळतो, हे लक्षात आले की कलमे भराभर समजतात.

पाठलाग केला तर?

कलम ४३ नुसार साध्या चोरीत चोर माल घेऊन पसार होईपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत मालमत्तेच्या बचावाचा हक्क चालू राहतो. म्हणजे पाठलाग करता येतो. पण बाजारातून पळवलेल्या दुचाकीला मागून ६०च्या वेगात लाथ मारणे म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळणे. साध्या चोरीत तेवढी मुभा नाही. जबरी चोरीत हक्क तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवले जाण्याची भीती असेपर्यंतच टिकतो.

जय देव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. सुरुवातीला आरोपींना बचावाचा हक्क होता. समोरचे पांगून पळू लागल्यावर मात्र तो संपला, आणि त्यानंतर झाडलेल्या गोळ्या बचावात मोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जीपीएसवर गाडी कणकवलीत दिसली आणि चार मित्रांसह जाऊन चोराला बदडले, तर त्याचा स्वसंरक्षणाशी काहीही संबंध उरत नाही. तिथे फोन पोलिसांनाच करायचा.

हातात स्टिअरिंग असेल तर न्यायालय काय बघते?

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा निकाल १९८० चा आहे : योगेंद्र मोरारजी विरुद्ध गुजरात राज्य. रात्री गाडीतून परतणाऱ्या या गृहस्थांना पैशांच्या देण्यावरून काही जणांनी रस्त्यात अडवले. त्यांनी रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या आणि एक जण मेला. गाडीत बसलेल्या माणसाला निघून जाण्याचा सुरक्षित मार्ग होता का, हे सर्वोच्च न्यायालयाने तपासले आणि त्यांनी हक्काची मर्यादा ओलांडली असा निष्कर्ष काढला.

एरवी आपली न्यायालये ‘पळून का गेला नाहीस?’ असे विचारत नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात तर संकटात सापडलेल्या माणसाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी त्याने प्रतिकार तोलूनमापून करावा अशीही नाही, असे स्पष्ट केले आहे. मला हे दोन निकाल परस्परविरोधी वाटत नाहीत. पायी माणसाला पळायला सांगणे वेगळे आणि चालू इंजिनच्या गाडीत बसलेल्याला ॲक्सिलरेटर आठवतो का हे विचारणे वेगळे. फांदी पूर्ण रस्ता अडवत असेल, मागेही कोणी उभे असेल, करूळ किंवा फोंडा घाटात मोबाइलला रेंजच नसेल, तर त्या मालकाची बाजू भक्कम होते. आणि सुटण्यासाठी गाडी पुढे काढताना वाटेत उभा असलेला हल्लेखोर चिरडला गेला, तर तोही याच कसोट्यांवर तपासला जातो.

समुद्रात हाच कायदा?

हो. भारतात नोंद झालेल्या नौकेवर, ती कुठेही असो, न्याय संहिता लागू आहे. परराज्यातील हायस्पीड ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांवरून मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या पारंपरिक मच्छीमारांचा राग किती खोल आहे हे इथे सांगायला नको. पण जाळी तोडली म्हणून ट्रॉलरवरच्या तांडेलाचा जीव घेता येत नाही. ती नासधूस आहे, तिच्यापुरता प्रतिकार करता येतो. ट्रॉलर छोट्या होडीवर मुद्दाम घातला जात असेल, तर मात्र तो जिवावरचा हल्ला आहे. बेकायदा मासेमारी दिसली म्हणून ट्रॉलर पेटवणे हा तर उलट आपल्यावरचाच गुन्हा. आणि वर सांगितलेले कलम ४१ तेव्हा ट्रॉलरवाल्यांच्या बाजूने काम करेल!

‘वाजवी भीती’ या दोन शब्दांची किंमत मच्छीमारांइतकी कोणालाच कळणार नाही. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार मेले. समुद्री चाचे वाटले, असा नौसैनिकांचा बचाव होता. तो खरा की खोटा, भीती वाजवी होती की नाही, याचा निकाल भारतीय न्यायालयात लागलाच नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने खटला चालवण्याचा अधिकार भारताला नसल्याचे ठरवले, इटलीने १० कोटी रुपये भरपाई दिली आणि १५ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथले खटले बंद केले.

जमिनीवर अशी चूक जमावाकडून होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेवरून गाडी अडवून दोन साधू आणि त्यांच्या चालकाला मारण्यात आले. ‘चोर वाटले’ एवढ्यावर गाडीतून ओढलेल्या माणसाला मारणे हे कुठल्याच कलमात बसत नाही. नागरिकाला अटक करता येते ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा आपल्यासमोर घडला असेल तर, आणि मग त्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावे लागते.

घरातली बंदूक?

सिंधुदुर्गात माकड आणि रानडुकरांपासून शेती-बागायत वाचवण्यासाठी घेतलेल्या परवान्यांच्या बंदुका आहेत. जिवावर बेतले असताना घरातली बंदूक उचलली म्हणून बचाव बाद होत नाही. पण ‘रस्त्यात उपयोगी पडेल’ म्हणून ती गाडीत घालून फिरवणे परवान्याच्या अटींबाहेर जाऊ शकते. त्याचा शस्त्र कायद्याखाली वेगळा गुन्हा होतो.

घडून गेल्यावर काय?

गुन्हा नोंदवला जाईल, अटकही होऊ शकते. स्वसंरक्षण होते की नाही हे शेवटी न्यायालय ठरवते. खटला ओरोसच्या सत्र न्यायालयात, आणि अपील ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूर सर्किट बेंचकडे. बचाव दाखवून देण्याची जबाबदारी साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असते. मात्र तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, संभाव्य वाटला तरी पुरतो. हक्क होता पण सद्हेतूने वागूनही मर्यादा ओलांडली गेली, असे ठरले तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध (कलम १०५). त्यात हेतू असेल तर किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप.

पोलिसांच्या शब्दालाही ही तपासणी चुकत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावल्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या दाव्यावर संशय घेतला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते.

म्हणून अशा प्रसंगातून वाचलेल्याने लगेच ११२ ला फोन करावा (समुद्रात असाल तर सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४). जखमी हल्लेखोरासाठी रुग्णवाहिका मागवावी, फांदी, दांडे, काचा यांना हात लावू नये, डॅशकॅमचे कार्ड जपून पोलिसांकडे द्यावे. स्वतःला झालेली छोटी जखमही सरकारी रुग्णालयात नोंदवून घ्यावी आणि वकिलाशी बोलावे. पळून गेलात किंवा पहिल्या जबाबात एक आणि खटल्यात दुसरे सांगितलेत, तर खरी भीतीही न्यायालयाला पटवणे अवघड होते.

आणि खळ्यातून गेलेल्या त्या गाडीचे? विमा सर्वसमावेशक असेल तर एफआयआरच्या प्रतीसह दावा करता येतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही.