दुरुस्तीनंतर गाडी तापायला लागली तर

मे महिन्यात मोहाडी तालुक्यातल्या करडीहून भंडाऱ्याला निघालं, की बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. नुकतीच दुरुस्त होऊन आलेली कार अशा दिवसांत तापली, तर मिस्त्री उन्हाला दोष देतो आणि मालक मिस्त्रीला. पण धडधाकट गाडीच्या तापमानाचा काटा या उन्हातही मधेच राहतो. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच : दुरुस्तीत काय काय उघडलं होतं?

इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटला बाहेर वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंट फिरवतो. ते ८२ ते ९० अंशांपर्यंत तापलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गाडी वेगात असेल तर समोरची हवा ते थंड करते, उभी असेल तर पंखा. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखा दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट आणि पाण्याचं निम्मंनिम्मं मिश्रण सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं तर दाब सुटतो आणि उकळी लवकर फुटते.

गाडी नेमकी केव्हा तापते, यावरून बिघाडाची जागा बरीचशी कळते.

बाजारात, फाटकावर किंवा एसी लावून उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर पंखा पाहा. दुरुस्तीनंतर त्याचा कनेक्टर लावायचा राहून जातो. कधी वायरी उलट जोडल्या जातात, मग पंखा फिरतो पण हवा उलटी ढकलतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण परत बसवलं नसेल, तरी रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढली जात नाही.

मोकळ्या रस्त्यावर, वेगात तापते, तर कूलंटचा प्रवाह अडतोय. रेडिएटर आतून गाळाने चोंदलेला असेल, पंपाचं पातं झिजलं असेल किंवा थर्मोस्टॅट उलटा बसला असेल. ‘आपल्याकडे त्याची गरजच नाही’ म्हणत काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. काही इंजिनांत त्यामुळे बायपासची वाट उघडी राहते आणि बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. शिवाय इतर वेळी इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल-पेट्रोल जास्त लागतं.

काटा एकदम वर जातो, पुन्हा उतरतो, कूलंटच्या टाकीत गुडगुड ऐकू येते, तर आत हवा अडकली असावी. कूलंट भरल्यावर हवा काढावी लागते. अनेक गाड्यांना त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर काटाही खोटं सांगतो.

इंजिनाचं हेड उतरवलं होतं का, हेही विचारा. हेडचे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने, बहुधा मधून बाहेर, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. अंदाजाने आवळले, किंवा वाकलेलं हेड फेसिंग न करता बसवलं, तर नवी गॅसकेटही गळते. मग कूलंट बाहेर कुठे न सांडताही कमी होतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, कधी ऑइल दुधी होतं. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय का, हे तपासायचं निळं द्रावण मिळतं; वायू असेल तर ते पिवळं होतं. हेड पुन्हा उतरवण्याआधी ही तपासणी करून घ्या.

वाटेत काटा लाल पट्ट्यात गेला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण लगेच उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

गॅरेजमधून गाडी आणताना काय बदललं याची यादी असलेलं पक्कं बिल आणि जुने सुटे भाग मागून घ्या. चूक मिस्त्रीची ठरली आणि तो दाद देत नसेल, तर भंडाऱ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. बिल नसेल, तर मात्र दुरुस्तीत चूक झाली हे पटवून देणं फार अवघड जातं.