रानकोंबडा आणि चकोत्री

सह्याद्रीच्या पायवाटेने सहल निघाली, करवंदीच्या जाळीत पाला खसखसला, की मुलांत ‘कोंबडी, कोंबडी!’ असा गलका होतो. ती कोणती, हे ओळखण्यास तीन खुणा पुरेशा आहेत : तुरा, शेपटी आणि आवाज.

राखी रानकोंबड्याच्या नराला लाल तुरा आणि लांब, कमानदार काळी शेपटी असते. मानेवरील पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पांढरे-पिवळे ठिपके चमकतात. त्याचे आरवणे गावठी कोंबड्यापेक्षा तुटक असते. मादी तपकिरी असून तिच्या पांढुरक्या छातीवर काळ्या कडांची खवल्यांसारखी नक्षी असते. चकोत्री आकाराने लहान, तांबूस व बिनतुऱ्याची. तिचे पाय आणि डोळ्यांभोवतीची कातडी लाल असते.

मानेवरील ती ठिपकेदार पिसेच रानकोंबड्याच्या जिवावर उठली. मासेमारीच्या गळावरील कृत्रिम माश्या बनविण्यासाठी ती परदेशी जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आज या पक्ष्याला आहे. परंतु पायवाटेवर कायदा आपल्या वागण्यातच असतो.

एका सहलीत काही मुले मादीमागे धावली. मी त्यांना वेळीच अडविले नाही. ती उडाली आणि पालापाचोळ्यातील अंडी उघडी पडली. ती परत यावी म्हणून आम्ही मुकाट्याने दूर झालो. ती आली की नाही, हे आजही मला ठाऊक नाही.

तेव्हापासून माझ्या सहलीचा एकच नियम आहे. पाला खसखसला की जागीच थांबावे, दहा श्वास मोजावेत आणि पाहावे. पक्षी ओळखण्यासाठी त्याला पळवावे लागत नाही.