खोली एक, थंडी प्रत्येकाची वेगळी

बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा, आणि हिवाळ्यात हा फरक अंगाला कळतो. मेहकर तालुक्यातले डोणगाव घाटावरचे. डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारच्या उन्हात स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास तफावत पडते. विदर्भाची ओळख उन्हाळ्याने झालेली असली तरी तिथली थंडी किरकोळ नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरात थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा यावरून वाद होतो. डोणगावच्या घरात थर्मोस्टॅट नाही, पण वाद तोच आहे. तो पंख्यावरून होतो, खिडकीच्या फटीवरून होतो, शेगडी आत आणायची की अंगणातच ठेवायची यावरून होतो, आणि घरात बाळंतीण असेल तर सर्वांत जास्त होतो. या वादाचा निकाल बहुतेक घरांत स्वभावावर लावला जातो. थंडी वाजते म्हणणारी नाजूक ठरते, उकडते म्हणणारा हेकट ठरतो. मूळ गैरसमज इथेच आहे. एका खोलीत झोपलेल्या पाच जणांना पाच वेगवेगळ्या थंड्या वाजू शकतात, त्या खऱ्या असतात आणि मोजताही येतात.

खोलीचे तापमान एक असले म्हणजे सगळ्यांना सारखेच वाटायला हवे, हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. डेन्मार्कचे संशोधक पोव्हल ओले फांगर यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की माणसाला ऊबदार किंवा गार वाटणे सहा गोष्टींवर ठरते: हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-छताचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर त्या वेळी किती उष्णता तयार करत आहे ते. त्यांच्याच हिशोबाप्रमाणे सगळे काही उत्तम जुळवले तरी शंभरातल्या निदान पाच जणांची तक्रार राहतेच. यातली दुसरी गोष्ट आपल्या घरांना फार लागू पडते. आपले शरीर हवेला जशी उष्णता देते, तशीच ती समोरच्या थंड भिंतीला आणि वरच्या थंड पत्र्यालाही देत असते, मधली हवा कशीही असो. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते ते त्यामुळेच. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि वरची माती दुपारची ऊब साठवून रात्री हळूहळू परत देत. पत्र्याला ते जमत नाही, आणि बाहेरची पातळ विटांची भिंतही मध्यरात्रीपर्यंत निवून जाते. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून झोपलेल्या सुनेला आणि खोलीच्या मध्ये खाटेवर झोपलेल्या मुलाला एकच हवा मिळत असूनही एकच थंडी मिळत नाही. जागा बदलून एक रात्र झोपले तर निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतील.

सहावी गोष्ट शरीराची, आणि तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. झोपलेला प्रौढ माणूस साधारण सत्तर वॅट उष्णता बाहेर टाकतो, बसलेला शंभर, आणि कष्टाचे काम करणारा तीनशेच्याही पुढे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली की हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला माणूस अवेळी उठून जातो. बांधावर चालून, बारे फोडून तो परत येतो तेव्हा त्याचे स्नायू तापलेले असतात, त्याला खोली कोंदट वाटते आणि तो दार उघडे टाकतो. आत झोपलेल्या बाईचे शरीर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी उष्णता निर्माण करत असते. दोघेही खरे बोलत असतात. स्त्री-पुरुषांमध्येही सरासरी फरक आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत स्त्रियांचे हात पुरुषांपेक्षा सुमारे दीड अंशाने थंड आढळले, आणि शरीराच्या आतले तापमान मात्र किंचित जास्त. शरीर आतली ऊब जपण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळून घेते आणि थंडी बोटांना आधी कळते. नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली: कार्यालयांतले तापमान ठरवण्याची प्रचलित पद्धत एका सरासरी पुरुषाचे शरीर धरून बसवलेली आहे, आणि त्यामुळे स्त्रियांच्या शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेचा अंदाज ३५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. जिथे तापमान यंत्र ठरवते तिथे ही अवस्था, तर जिथे ते घरातला कर्ता ठरवतो तिथली कल्पना करावी.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलेले आहे आणि ते गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. रक्तात लोह कमी असले की शरीराला उष्णता तयार करणे आणि ती धरून ठेवणे दोन्ही जड जाते, आणि सारखी थंडी वाजणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. थायरॉइडचे काम मंदावले तरी असेच होते. घरातली एखादी बाई सगळ्यांच्या आधी शाल ओढत असेल, जिना चढताना दमत असेल, तर तिचा तो नखरा नाही. तिला तपासणीची गरज आहे. ज्या घरात ही तक्रार दर हिवाळ्याला थट्टेवारी नेली जाते, त्या घरात एक साधा, बरा होणारा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला जात असतो. मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

म्हाताऱ्या माणसांबाबत गैरसमज उलट्या बाजूचा आहे. आजोबा म्हणतात, ‘मला नाही वाजत थंडी,’ आणि घरचे निश्चिंत होतात. वाढत्या वयात थंडीची जाणीवच बोथट होते, कुडकुडून ऊब निर्माण करण्याची ताकद घटते आणि त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या चटकन आवळल्या जात नाहीत. थंडीत रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यात अधिक येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत समशीतोष्ण आणि थंड हवामानातल्या घरांसाठी हिवाळ्यात १८ अंश ही सुरक्षित किमान पातळी सांगितली आहे, आणि म्हातारे, लहान मुले व आजारी माणसे यांच्यासाठी ती आणखी वर असावी असे सुचवले आहे. डोणगावच्या पत्र्याच्या खोलीत पहाटे ही पातळी राखणे अवघड. म्हणून त्यांच्या ‘नाही वाजत’वर विसंबू नये, हातपाय चाचपून पाहावेत.

पंख्याचा वाद लवकर सुटण्यासारखा आहे. पंखा हवा गार करत नाही. बंद खोलीत त्याची मोटर उलट थोडी उष्णताच टाकते. आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो, तो पंखा उडवून लावतो आणि म्हणून गार वाटते. ज्याच्या अंगावर झोत येतो त्यालाच गार वाटते, कोपऱ्यातल्याला नाही. थंडीतही पंखा लावणाऱ्यांचे कारण पुष्कळदा डास असतात, आणि त्यावर मच्छरदाणी हा जास्त खात्रीचा उपाय आहे. दुसरा आक्षेप असा की खिडकी उघडी ठेवली तर सर्दी होते. सर्दी विषाणूंमुळे होते. गार हवेने नाकाची प्रतिकारशक्ती थोडी मंदावते हे खरे, पण घरातल्या एकाची सर्दी दुसऱ्याला देण्याचे काम बंद, कोंडलेली खोली अधिक चोख करते.

आता शेगडीबद्दल. तडजोडीला जागा नसलेला हा एकच मुद्दा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली विस्तव ठेवणे, खोलीची दारे-खिडक्या लावून शेक देणे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागचा हेतू चुकीचा नाही. नवजात बाळाचे अंग लवकर निवते; बाळंतपणाची खोली निदान २५ अंश असावी आणि तिथे वाऱ्याचा झोत नसावा असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बाळ गार पडू नये ही आजीची काळजी रास्त आहे, आणि खोलीत हवा खेळू द्या हे सुनेचे म्हणणेही रास्त आहे. चूक निखाऱ्यांत आहे. बंद जागेत कोळसा किंवा गोवरी धुमसू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुले, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि दगावले. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही याच वायूने जीव घेतो.

यावर तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, धूर गेलेले लालबुंद निखारे निर्धोक असतात. प्रत्यक्षात धूर नसणे ही अधिक फसवी अवस्था आहे, कारण डोळे चुरचुरत नाहीत आणि वायू मात्र निघत राहतो. दुसरे, जवळ पाण्याचे भांडे ठेवले की गॅस शोषला जातो. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तिसरे उत्तर वजनदार आहे: आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर हेच केले, त्यांना काही झाले नाही. काहींना झालेही असेल आणि त्याला दुसरे नाव दिले गेले असेल, पण तो भाग सोडून दिला तरी घरे बदलली आहेत हे विसरून चालणार नाही. कौलांच्या फटी, धाब्याला ठेवलेला झरोका, लाकडी दाराखालची मोकळी जागा, यांतून जुने घर रात्रभर श्वास घेत असे. आजची स्लॅबची खोली, सरकत्या काचांची खिडकी आणि दाराखाली कोंबलेले पोते यांत तीच रीत तशीच उचलून आणली तर परिणाम तोच राहत नाही.

मग गरीब घराने काय करायचे, विजेचा हीटर परवडत नाही, हा प्रश्न योग्य आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. आठ तासांची रात्र म्हणजे सोळा युनिट. पण खोली तापवण्याचा हट्टच सोडला तर हा खर्च लागत नाही. रबरी पिशवीत साठ अंशांचे दोन लिटर पाणी भरले तर ते निवेपर्यंत जेवढी उष्णता देते, तेवढी तो हीटर तीनेक मिनिटांत उधळून टाकतो. पण पिशवीची ऊब थेट तळपायांना मिळते. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवले. एका मोठ्या रजईऐवजी प्रत्येकाची वेगळी गोधडी, गरज पडेल तसे एकावर एक थर, पायमोजे, कानटोपी, पत्र्याखाली तट्ट्याचे किंवा कापडाचे छत, आणि म्हाताऱ्यांची खाट बाहेरच्या भिंतीपासून दूर, एवढ्याने ज्याची थंडी त्याच्यापुरती मिटते आणि दुसऱ्याला घाम फुटत नाही. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांची पिशवी फडक्यात गुंडाळूनच द्यावी. नवजात बाळासाठी तर आईच्या उघड्या छातीशी त्याला धरून वरून पांघरूण घेणे याहून चांगली शेगडी नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली, आणि आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती शिकवली जाते. बाळाचे तोंड मात्र झाकू नये, आणि फार गुंडाळूही नये. अति उष्णताही त्याला सोसत नाही.

खिडकी उघडली तर सगळी ऊब निघून जाईल, ही भीतीही अवाजवी आहे. पाच माणसे झोपलेल्या खोलीत त्यांच्या शरीरांतूनच साडेतीनशे वॅटच्या आसपास उष्णता येत असते. वरच्या बाजूची चार बोटांची फट ती सारी नेत नाही, आणि ताजी हवा तेवढ्यानेही येते.

तेव्हा या हिवाळ्यात शेगडी अंगणातच विझवून या. रात्री एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा आणि मग १०८ ला फोन लावा. आणि घरात जिला सगळ्यांहून जास्त थंडी वाजते तिला एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. हिमोग्लोबिनची तपासणी तिथे मोफत होते आणि लोहाच्या गोळ्याही मोफत मिळतात.